पदाच्या माथ्यावरची चाल

मराठीतील जुन्या पदसंग्रहांत, भजनाच्या वह्यांत आणि जलशांच्या आण्या-दोन आण्यांस मिळणाऱ्या चोपड्यांत एक शिरस्ता सर्रास आढळतो. पदाच्या माथ्यावर, कंसात, बारीक अक्षरांत ‘चाल’ असे लिहून त्यापुढे सर्वांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या जुन्या गाण्याचा आरंभ दिलेला असतो. ज्यांना स्वरलेखन वाचता येत नाही त्यांना नवे पद कोणत्या सुरावर म्हणावयाचे हे कळावे, एवढाच त्या ओळीचा उद्देश. आणि तो ती इतक्या निमूटपणे पार पाडते की तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. परंतु ज्या चोपडीत आपला जन्मधर्म सोडून आलेल्या माणसांची पदे छापली आहेत, त्या चोपडीत ही ओळ वाचताना मन थबकते. खाली नवा देव, नवी प्रतिज्ञा, नवे तत्त्वज्ञान. आणि वर, त्या सर्वांच्या माथ्यावर, ज्या घरातून ही माणसे निघून आली त्या घरातले गाणे.

धर्मांतराचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. कोणत्या साली किती गावे बाटली, उपदेश कोणी केला, मागे जमिनीचा लोभ होता की जातीचा जाच, याची रुजुवात सरकारी दप्तरांतून झाली आहे. ज्याने धर्म सोडला त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे काय गुणगुणले, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ती शोधावयाची तर गाण्यांतच शोधली पाहिजे. मत बदलते ते कधी विचाराने, कधी संतापाने, कधी बळजबरीने. पण अर्थ कळू लागण्यापूर्वी कानांवाटे जे आत उतरले, ते त्या निर्णयाच्या कक्षेत येतच नाही. अशा माणसाला जुन्या गाण्याची जी ओढ लागते, तिला श्रद्धाळू लोक परतीची चाहूल समजतात आणि बुद्धिवादी लोक दुर्बलतेचे लक्षण मानतात. मला ही दोन्ही निदाने चुकीची वाटतात, आणि माझा आधार मराठी मुलखाचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहास हा आहे.

त्या इतिहासाचा पहिला अध्याय गोव्यात घडला. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले, 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी हे प्रांत त्यांच्या अंमलाखाली आले, 1560 मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि 1567 मध्ये साष्टीतील देवळांचा सरसहा विध्वंस झाला. देऊळ पडले तेव्हा मूर्तीबरोबर सभामंडपही गेला, आणि सभामंडपात बसून पुराण सांगणारा पुराणिकही गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुळंब्याच्या वा ब्राह्मणाच्या कानांवर रविवारी इगर्जीत लॅटिन मंत्र पडत, त्याच्या मुलांकडून प्रश्नोत्तररूपाने धर्मबोध घोकवून घेतला जाई. पण दिवसाचे काम आटोपल्यावर चारचौघांत बसून ऐकावी अशी लांबलचक, रसाळ, ओवीबद्ध कथा त्याच्यापाशी उरली नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला आणि आयुष्याचा मोठा भाग साष्टीत काढून 1619 मध्ये गोव्यातच निवर्तला. एकनाथांचे निर्याण 1599 मधले. म्हणजे पैठणचा तो महापुरुष आणि साष्टीतला हा पाद्री वीस वर्षे एकाच काळात, एकाच छंदात रमलेले होते. स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीची स्तुती आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी त्याने घातलेला एक प्रसंग मला त्या स्तुतीहून मोलाचा वाटतो. धर्मबोधाचा पाठ चालला असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवितो की, आपण शिकविता ते उत्तमच आहे, पण आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी तसलेच दुसरे काही पुराण आमच्या भाषेत आम्हांला मिळावे. ही मागणी नीट ऐकावी. या माणसाला जुन्या देवांकडे परत जावयाचे नाही, नव्या देवाविषयी त्याची तक्रार नाही. त्याला ती संध्याकाळ हवी आहे, ते ऐकणे हवे आहे, चार चरणांनी पुढे सरकणारी ती संथ गती हवी आहे. धर्मत्यागानंतरच्या गीतविरहाचा मराठीतील इतका जुना आणि इतका स्वच्छ उच्चार मला दुसरीकडे कोठे आढळलेला नाही.

त्या मागणीला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाला. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, आणि उपदेशकाचा आवाज पदोपदी आपल्या कथेकऱ्याचा आहे. 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत आणि त्याहून अधिक लोकांच्या कंठांत. उपवासाच्या चाळीस दिवसांत घरोघर त्याचे वाचन-गायन होई. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला, आणि 1784 मध्ये टिपू सुलतानाने त्यांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले तेव्हा तेथे याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी परंपरा त्या समाजात सांगतात. पुढे 1907 मध्ये मंगळूरलाच त्याची नवी आवृत्ती निघाली.

राज्यकर्त्यांना गाण्याचे सामर्थ्य नेमके कळले होते, हे त्यांच्या मनाई-हुकुमांवरून दिसते. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकात रोमन लिपीत उतरविलेल्या मराठी-कोंकणी रामायण-महाभारताच्या पोथ्या आहेत. म्हणजे लोकांना ज्या कथांची बंदी केली त्यांचा अभ्यास पाद्री स्वतः करीत होते. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या मुदतीत लोकभाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. 1736 मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती लग्नांतील हळद, विडा, फुले, देशी वाद्ये यांवर गदा आणली आणि त्याबरोबर ओव्या म्हणण्यासही मज्जाव केला. ओव्यांत काय म्हटले आहे हा प्रश्नच नव्हता. त्यांत येशू आणि मारिया यांची नावे असली तरी सूर आजीचा आहे, ही हरकत होती. धर्माधिकाऱ्यांचे निदान अचूक होते आणि उपाय व्यर्थ ठरला. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या-नवरीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ गोव्यात आणि मंगळुरात आजही होतो, आणि त्या वेळी जमलेल्या बायका क्रुसाची खूण करून ज्या ओव्या म्हणतात, त्यांना या जाहीरनाम्याने केव्हाच संपविले असे तो काढणाऱ्यांना वाटले असेल. प्रा. अनंत काकबा प्रियोळकरांनी ही कागदपत्रे आपल्यापुढे मांडली हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु त्यांच्या ग्रंथांतून आपण जुलमाची हकीकत तेवढी उचलली आणि त्या जुलमाखालून ओवी कशी निसटली हे फारसे पाहिले नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडे या प्रश्नाने निराळे रूप घेतले. 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला. मूर्तिपूजा नाही, अवतार नाहीत, वेद अपौरुषेय नाहीत असे मानणारी ही शिकलेली मंडळी. पण उपासनेला बसली की तुकारामाचा अभंग त्यांना हवाच. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर करून तुकारामाची गाथा छापविली, तिचा पहिला भाग 1869 मध्ये निघाला, आणि डॉ. भांडारकरांसारखा चिकित्सक पंडित व्यासपीठावरून त्याच गाथेवर प्रवचने करू लागला. जो विठ्ठल देवळात नाकारला तो अभंगात चालला, ही विसंगती म्हणून टीकाकारांनी तेव्हाही हिणवली. याच समाजातले न्यायमूर्ती रानडे पहाटे उठून अभंग म्हणत असत ते त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत वाचले म्हणजे त्या टीकेत काही दम उरत नाही.

येथे स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण ज्या भावनेची मी बाजू घेत आहे ती मला परकी नाही. आमचे घर माळकऱ्यांचे. कार्तिकात पहाटे देवळात काकडा चाले आणि थंडीत कुडकुडत आम्ही पोरे मागच्या रांगेत टाळ धरून उभी असू. पुढे शिक्षणाच्या काळात ईश्वरावरची श्रद्धा गेली. कोणा गुरूने ती काढून घेतली नाही, कोणाशी भांडण झाले नाही, ती हळूहळू गेली आणि परत आली नाही. गळ्यातली माळ उतरविली तेव्हा घरातल्या वडील माणसांना झालेले दुःख मी पाहिले आहे आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटते, परंतु माळ पुन्हा घालावी असे वाटले नाही. असे असूनही गावी गेलो आणि भजनाला मृदंग लागला, की मी त्या रांगेत जाऊन उभा राहतो. पखवाजाची लय वाढते, पाऊल आपोआप पावलीत पडते, आणि चाळीस गळे एका सुरात चढतात त्या वेळी माझ्या गळ्यातूनही आवाज निघतो. त्या आवाजात लबाडी नसते. देवाविषयीचे माझे मत त्या घटकेला बदललेले नसते आणि दुसऱ्या दिवशीही बदलत नाही. हे कसे, याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत मला मिळाले नाही. नारायण वामन टिळकांच्या चरित्राने ते मिळण्याची वाट दाखविली.

1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन कुटुंबात जन्मलेला हा कवी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षे हिंदूच राहिल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या पाच वर्षांतील ताटातूट, अपमान आणि हट्टी प्रेम लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी वाचकाच्या काळजात कायमचे कोरले आहे. टिळकांनी धर्म सोडला तो विचारपूर्वक, आणि त्यासाठी जी किंमत द्यावी लागली ती दिली. जात गेली, नातीगोती तुटली, पत्नी काही काळ दुरावली. त्यांच्या नव्या धर्मनिष्ठेविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. आणि तरीही ज्या मंडळीत ते आले तेथली गाणी ऐकून त्यांचा जीव गुदमरला असला पाहिजे. अमेरिकन मिशनचे लोक 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरात काम करीत होते. त्यांनी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे करून ती इंग्रजी सुरांवर बसविली होती. मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि सुराचा ठोका दुसरीकडे, अशा त्या रचना बाजाच्या पेटीवर म्हणताना खेड्यातून आलेला माणूस ओठ हलवी, पण मान डोलवीत नसे. टाळ-मृदंग आणावे तर त्यांना मूर्तिपूजेचा वास येतो असे काही मिशनऱ्यांना वाटे. देशी चालींवर पदे रचण्याचे आणि ख्रिस्ती कीर्तने करण्याचे प्रयत्न टिळकांपूर्वी नगर भागात झाले होते, पण त्यांना थोर कवी लाभावयाचा होता.

टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, अंगावर उपरणे घेऊन कीर्तने केली. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते उघडपणे म्हणत. आणि पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांच्या अभंगांत येशूला माउली म्हणून हाक आहे, भेटीची तळमळ आहे, संतसंगाची आस आहे. वारकरी वाचकाला त्यात परके वाटते ते एक नाव तेवढे. ज्यांना ही युक्ती वाटली, म्हणजे हिंदूंना भुलविण्यासाठी घेतलेले सोंग वाटले, त्यांनी टिळकांची कविता वाचलीच नाही. सोंग घेणारा माणूस दुसऱ्यासाठी गातो. टिळकांना स्वतःला गाता येईना, म्हणून त्यांनी हे केले. स्टीफन्सच्या साष्टीत श्रोत्याने मागितले आणि परदेशी गुरूने दिले. नगरात मागणारा आणि देणारा एकच होता. ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातांत अजून असते. त्यात टिळकांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. त्या आणि तशा पुस्तकांतील कित्येक पदांच्या माथ्यावरच्या जुन्या चाली मात्र आता म्हणून दाखविणारे मिळत नाहीत. मूळ गाणे हिंदू घरांतून नाहीसे झाले, त्याची चाल एखाद्या ख्रिस्ती वृद्धाच्या कंठात तेवढी राहिली, असेही घडले आहे. हे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम कोणत्या तरी विद्यापीठाने आजच हाती घ्यावयास हवे.

योगायोगाची एक गोष्ट येथे सांगून टाकतो. याच अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांना ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरीतील हस्तलिखित प्रत लंडनमध्ये आढळली आणि तिची वार्ता त्यांनी प्रसिद्ध केली; आणि त्याच अॅबटांनी उतारवयात एकनाथ, तुकाराम यांची चरित्रे इंग्रजीत आणली. पाद्री म्हणून आलेल्या माणसालाही ओवीने सोडले नाही.

परंतु या इतिहासाचा तिसरा अध्याय अधिक कठीण आहे, आणि तेथे माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागते. चोखामेळा मंगळवेढ्यास वेशीचे काम करताना 1338 मध्ये गेला. त्याची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर पायरीपाशी आहे, आणि महारांना शतकानुशतके तेथवरच जाता येई. आत जे गाइले जाई ते त्यांचेही होते, पण ऐकावयाचे ते बाहेरून. चोखोबांच्या काही अभंगांत आपला हीन जन्म हे पूर्वकर्माचे फळ म्हटले आहे. ते अभंग ज्यांनी वर्षानुवर्षे एकतारीवर म्हटले त्यांच्या नातवंडांना त्या शब्दांत आपल्या बेड्यांचा आवाज ऐकू आला. साष्टीतल्या ब्राह्मणाला गाणे सोडावे लागले होते. येथे गाणेच बोचत होते. मग ओढ कशाची राहावी?

डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे कबीरपंथी. घरात संतांची कविता नित्य म्हटली जाई आणि मुलांकडून पाठ करवून घेतली जाई. 31 जानेवारी 1920 रोजी आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकारामाचा अभंग होता; 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. त्यांच्या पत्नी रमाबाईंना पंढरपूरला जावयाची फार इच्छा होती. जेथे दारातूनच दर्शन घ्यावे लागते तेथे जाऊन काय करावयाचे, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता, आणि 1935 च्या मे महिन्यात त्या वारल्या तोवर ती इच्छा पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा झाली. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायाबरोबर त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारून जुन्या देवांना न मानण्याची प्रतिज्ञा घेतली व दिली.

त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, 5 डिसेंबरच्या रात्री, दिल्लीतील अलीपूर रोडवरच्या बंगल्यात त्यांनी बुद्धवंदनेची ध्वनिमुद्रिका लावावयास सांगितली, तिच्यासवे ते स्वतः गुणगुणले, आणि निजण्यापूर्वी त्यांच्या ओठांवर कबीराचे एक पद होते, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. कबीराला त्यांनी आपल्या तीन गुरूंपैकी एक मानले होते, तेव्हा यात विसंगती शोधू नये. मीही ती शोधीत नाही. मला दिसते ते एवढेच की, ज्या पुरुषाने हजारो वर्षांचे जोखड बुद्धिपुरस्सर फेकून दिले, त्याच्या शेवटच्या रात्री त्याच्या बापाच्या घरातले गाणे त्याच्याजवळ होते, आणि त्याने त्याला दूर लोटले नाही.

वस्तीवस्तीत काय झाले? देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले गेले, खंडोबाचा भंडारा घराबाहेर गेला, चोखोबांचे नाव घेणे पुष्कळांना नकोसे झाले. पण भजनी मंडळाची एकतारी, तुणतुणे, डिमडी, पेटी कोणी नदीत सोडली नाही. 1930 नंतरच्या दशकातच भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसे उभे केले होते. सत्यशोधकांकडून आलेला तो बाज, त्याच्याही मागे तमाशाचा गण आणि गवळण. गणपतीच्या वंदनाची जागा नव्या वंदनाने घेतली, वगाची कथा बदलली, आणि ढोलकी होती तशीच राहिली. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून जी गाणी दिली, त्यांतील शब्द ज्यांना हवेत त्यांच्यासाठी ग्रंथ आहेत. पण ज्या वृद्ध माणसाने तरुणपणी एकादशीला रात्रभर भजन केले होते आणि 1956 नंतर ते बंद केले होते, त्याला वैशाखी पौर्णिमेच्या रात्री आपला आवाज परत मिळाला, हे ग्रंथांत सापडणार नाही. त्याच्या ओढीत दुःखही मिसळलेले होते, हे मी मान्य करतो. जुनी गाणी त्याला प्रिय होती आणि त्याच गाण्यांनी त्याला पायरीशी उभे केले होते. असा गुंता टिळकांच्या वाट्यास आला नाही, माझ्या तर नाहीच नाही.

या सर्वांत अधिक काळ टिकलेले गाणे मात्र मंडळांचे नाही, जात्यावरचे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह विसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यापाड्यांतील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तोवर पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या होत्या आणि पुष्कळ घरांत जाते कोपऱ्यात पडून होते. केवळ म्हणून दाखविण्यासाठी बायकांनी ते पुन्हा फिरविले. त्या संग्रहात सीता आहे, पंढरीची वाट आहे, विठ्ठलाला दिलेली बापाची, भावाची नाती आहेत. आणि बौद्ध बायकांनी म्हटलेल्या असंख्य ओव्यांत तीच नाती भीमराव आंबेडकरांना आणि रमाबाईंना दिली आहेत. या बायकांनी स्टीफन्सचे नाव ऐकलेले नसते. कोणी त्यांना पुराण करून दिले नाही, कोणी मिशन वा समाज त्यांच्यासाठी पदे रचावयास बसला नाही. दीक्षेहून परतल्यावर दुसऱ्या पहाटे दळण पुढ्यात आले, हात खुंट्यावर गेला, आणि आईकडून आलेल्या सुरात त्यांनी नवे नाव घातले.